मे महिन्यातलं संत्रं

नागपूरला संत्रानगरी म्हणतात, पण नागपूरच्या मे महिन्यात बागेतलं ताजं संत्रं शोधून सापडत नाही. बाहेरगावचा पाहुणा भर दुपारी स्टेशनावर उतरतो, पारा ४५च्या पुढे गेलेला असतो, आणि त्याची पहिली फर्माईश असते गार संत्र्याच्या रसाची. यजमान ओशाळतो आणि मोसंबीच्या गाडीकडे वळतो.

यात कोणाची चूक नाही, झाडाचं वेळापत्रकच तसं आहे. विदर्भात संत्र्याला मुख्यतः दोन बहार येतात. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत लागतात आणि फळ दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन थंडीत संपतं. मृग बहार पावसाच्या तोंडावर फुलतो आणि त्याचं फळ फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान उतरतं. बागायतदार पाणी तोडून झाडाला ताण देतात आणि यातला कोणता बहार धरायचा ते ठरवतात. कोणताही धरला तरी तहान आणि फळ यांची गाठ पडत नाही. २३ मे २०१३ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. त्या दिवशी काटोल-वरुडच्या बागांमध्ये असतील तर हिरवी, कोवळी, अजून रस न भरलेली फळं असणार.

म्हणून नागपूरच्या घरात मिक्सरमधून निघणाऱ्या फळांच्या स्मूदीचं कूळ शोधायला बसलं, तर संत्र्यापासून सुरुवात करून चालत नाही. संत्रं या घराण्यात फार उशिरा आलेलं दत्तक मूल आहे. मूळ घराणं कैरीचं, बेलाचं, चिंचेचं आणि केळ्याचं.

आधी स्मूदी आणि ज्यूस यांतला फरक पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ज्यूस काढताना चोथा टाकतात. स्मूदीत फळाचा गर पेल्यातच राहतो, म्हणून ती दाट होते आणि थोडं पोटही भरतं. या कसोटीवर तपासलं तर स्मूदीचा जवळचा नातेवाईक रस्त्यावरचा ज्यूस नाही आणि हॉटेलातला मिल्कशेकही नाही. तो आहे पन्हं. कैरी उकडायची किंवा निखाऱ्यात भाजायची, साल काढायची, गर हाताने कुस्करायचा, त्यात गूळ, वेलची, ऐपत असेल तर केशराच्या दोन काड्या, आणि चिमूटभर मीठ. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंबेडाळीबरोबर हेच पन्हं पेल्यातून फिरतं. चैत्रात झाडाला कैरी लागते, चैत्रातच ऊन चढतं, आणि चैत्रातच गौर बसते. हे गणित कोणी बसवलं ते माहीत करून घ्यायची गरज नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या चुकलेलं नाही एवढं पुरे.

विदर्भात यात आणखी दोन पेयांची भर पडते. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि जेवणात चिंचवणी असते, म्हणजे चिंचेचा कोळ, गूळ आणि पाणी. दुसरं बेलाचं सरबत. बेलफळ ऐन उन्हाळ्यात पिकतं. ते दगडावर आपटून फोडायचं, पिवळा गर पाण्यात भिजत घालायचा, मग हात घालून चोळायचा आणि चाळणीतून गाळायचा. बिया, त्यांच्याभोवतीचा डिंकासारखा चिकट द्रव आणि दोरे चाळणीत राहतात, गर खाली उतरतो. घाई करून बेल मिक्सरमध्ये फिरवलं की बिया फुटतात आणि सरबत कडवट होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे संत्रंही अगदी अशाच प्रकारे दगा देतं.

पन्ह्यात मीठ आणि गोड एकत्र आहेत, यालाही कारण आहे. ऊन लागलेल्या माणसाच्या अंगातून पाण्याबरोबर मीठही गेलेलं असतं. नागपूरकर खिशात कांदा घेऊन बाहेर पडतात, त्याचा उपयोग किती यावर वाद होऊ शकतो, पण पन्ह्यातल्या मिठाबद्दल वाद नाही.

घराण्याची दुसरी शाखा आमरसाची. जुना आमरस गावरानी आंब्याचा, म्हणजे धाग्यांचा. आंबा हाताने माचवायचा, देठाकडून पिळायचा, कोय आणि साल पुन्हा थोड्या दुधात किंवा पाण्यात धुऊन घ्यायची, आणि मग तो रस कापडातून किंवा पुरणयंत्रातून काढायचा. होळीला पुरण गाळणारं यंत्र दोन महिन्यांनी आंब्याला लागायचं. धागे वर, गर खाली. विजेचं बटण येण्यापूर्वी फळ एकजीव करायचं यंत्र मराठी घरात होतं, ते हेच.

तिसरी शाखा शिकरणाची, आणि इथे एक मजेशीर भानगड आहे. पिकलेलं केळं, दूध, साखर, वेलची, हाताने कुस्करून पोळीबरोबर. आयुर्वेदाच्या नियमाने हे बसत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या २६व्या अध्यायात दुधाबरोबर विरुद्ध ठरणाऱ्या पदार्थांची मोठी यादी आहे. सगळी आंबट फळं तिथे आहेत, आंबा आहे, महाळुंग आहे, आवळा आहे, आणि मोच, म्हणजे केळंही आहे. मराठी आजीने ही यादी अर्धी पाळली. दूध आणि आंबट एकत्र करू नको, हे ती नातवाला दटावून सांगते आणि रात्री त्याच नातवाला शिकरण-पोळी वाढते. केळ्याच्या बाबतीत शास्त्राने माघार घेतली, संत्र्याच्या बाबतीत घेतली नाही. दुधात संत्र्याचा रस पडला की दूध फाटतं, त्यामुळे आजीच्या बाजूने पुरावा डोळ्यांसमोर असतो.

फळांची पेयं राजेरजवाड्यांकडेही होतीच. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या, ११३०च्या सुमाराच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात खाण्यापिण्याच्या उपभोगांत पेयांना वेगळी जागा दिलेली आहे. पण नागपूरच्या घरातली पेयं ग्रंथातून खाली आली असं मला वाटत नाही. ती अंगणातल्या झाडावरून खाली आली.

आता संत्र्याकडे येऊ. नागपुरात संत्रं आणल्याचं श्रेय परंपरेने रघूजी भोसल्यांना दिलं जातं, रोपं औरंगाबादकडून आली असं सांगतात. आधी ते राजाच्या बागेतलं फळ होतं. बाजाराचं फळ ते झालं रेल्वेमुळे. १८६७मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ नागपुरापर्यंत आला आणि फळाला मुंबईची वाट मोकळी झाली. स्टेशनाला लागून संत्रा मार्केट वसलं, आजही त्या भागाचं नाव तेच आहे, जरी फळाचा मोठा व्यापार पुढे कळमन्याला गेला. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर आणि अमरावती जिल्ह्यातले वरुड-मोर्शी हा बागांचा पट्टा झाला. वरुडला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. खुद्द कॅलिफोर्नियात कोणी आपल्या गावाला अमेरिकेचं वरुड म्हणत असल्याचं ऐकिवात नाही.

एवढं फळ पिकत असूनही घराघरांत संत्र्याचा रस काढायची सवय जडली नाही. नागपुरी संत्र्याची साल सुटी, पोकळ. नखाने उचकटली की हातात येते. फोडी एकमेकींपासून लगेच वेगळ्या होतात. असं फळ माणूस सोलून खातो, पिळत बसत नाही. हिवाळ्यात गच्चीवर उन्हात बसून संत्री सोलायची, साली एकमेकांच्या डोळ्यांजवळ पिचकवायच्या, हा नागपूरचा खरा संत्रामहोत्सव. रस निघायचा तो आजाऱ्यासाठी, वाटीत, चमच्याने पाजायला. किंवा उपास सोडायला. २६ सप्टेंबर १९३२ला येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी उपोषण सोडलं ते कस्तुरबांच्या हातून संत्र्याचा रस घेऊन. आजही मांडवातलं उपोषण बहुधा संत्र्याच्या किंवा मोसंबीच्या पेल्याने सुटतं. तहानेसाठी म्हणून हा रस प्यायला जात नव्हता, त्याला औषधाचा आणि थोडा समारंभाचा मान होता.

रस न काढण्यामागे सवयीपेक्षा मोठं एक कारण आहे, ते रसायनाचं. संत्र्याचा रस काढून ठेवला की कडू होतो. ज्याने हौसेने सकाळी रस काढून दुपारसाठी ठेवला आहे त्याला हा अनुभव आहे. फोडीच्या पातळ पडद्यात आणि बीमध्ये एक पदार्थ असतो, तो स्वतः कडू नसतो. फळ अखंड असतं तोवर तो आंबट रसापासून वेगळा राहतो. पडदे फाटले, बी फुटली की तो रसातल्या आम्लाला भेटतो आणि हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. लिमोनिन अत्यंत कडू. उष्णतेने हा बदल आणखी लवकर होतो. म्हणून सीताबर्डी बाजारातला गाडीवाला मोसंबी पिळून ग्लास हातात देतो आणि लगेच प्या म्हणतो. मोसंबीतही हा दोष आहे, पण घट्ट अंगाचं ते फळ सोलून चरकात घालायला सोपं आणि चवीला कमी आंबट. संत्रानगरीत रसवाल्यांच्या गाड्यांवर मोसंबीचे ढीग दिसतात ते यामुळे.

म्हणजे संत्र्यापुढे दोन अडचणी. ते चुकीच्या ऋतूत पिकतं आणि कुस्करलं की बिघडतं. गेल्या शंभरेक वर्षांत नागपूरच्या स्वयंपाकघरात आलेली प्रत्येक नवी वस्तू या दोन अडचणींशी झुंजलेली दिसते.

पहिली झुंज साखरेने आणि बाटलीने दिली. बागायतदारांच्या संघाने, नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशनने, फळावर प्रक्रिया सुरू केली आणि त्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून 'नोगा' हा शिक्का जन्मला. पुढे तो महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडे गेला. नोगाचं स्क्वॅश, जॅम आणि केचप अनेक मराठी घरांच्या कपाटात असायचं. १९५५च्या फळपदार्थ आदेशाने स्क्वॅशमध्ये किमान २५ टक्के रस असला पाहिजे असं ठरवलं. बाकीची जागा मुख्यतः साखर आणि पाण्याची. ही साखरच फळाला मेपर्यंत नेत होती.

घरोघरीही स्क्वॅश होत असे, आणि त्याचे वर्ग महिला मंडळांत चालत. रस काढताना बी दाबली जाऊ नये, पाक गार झाल्यावरच रसात घालावा, बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवून कोरड्या कराव्यात, आणि शेवटी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, ज्याला बायका सरळ केएमएस म्हणतात. स्क्वॅशमध्ये त्यातून सुटणाऱ्या गंधकवायूची मर्यादा दशलक्षात ३५० भाग, म्हणजे लिटरला केएमएस अर्ध्या ग्रॅमहून जरासंच जास्त. जांभूळ, कोकम यांसारख्या गडद रंगाच्या फळांना हे चालत नाही, रंग उडतो, तिथे सोडियम बेंझोएट. प्रयोगशाळेत शोभावी अशी काटेकोर कामं ओट्यावर, किराणा दुकानातल्या पुडीच्या भरवशावर होत होती, आणि त्याला कोणी विज्ञान म्हटलं नाही.

दुसरी झुंज फळाने नव्हे, फळाच्या आठवणीने दिली. गोल्ड स्पॉट १९५२ सालचं. १९७७मध्ये कोका-कोला देशातून गेली आणि देशी पेयांना मैदान मिळालं. त्याच दशकात अहमदाबादहून रसना आलं, आणि ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवरच्या जाहिरातीने ते घरोघर पोचवलं. ५ रुपयांच्या पाकिटात ३२ पेले. नागपुरातल्या कितीतरी घरांत मे महिन्याच्या सुट्टीत पाहुण्यांच्या पोरांना संत्र्याच्या स्वादाचं रसना दिलं गेलं आहे, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून संत्र्याचं झाड दिसत असण्याचीही शक्यता आहे. मला यात फसवणूक दिसत नाही. जे झाड देऊ शकत नव्हतं ते पाकिटाने दिलं, आणि पोरांनी पेला चाटून पुसून ठेवला.

आता यंत्र. त्याची जन्मकथा नागपुराहून फार लांबची आहे, पण तिचा एक धागा आपल्या घरात आधीपासून होता. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात रसीन नावाचं गाव आहे. हॉर्लिक बंधूंनी आपलं माल्टेड दूध तिथे बनवायला सुरुवात केली, तेच आपल्याकडे तापातून उठलेल्याला आणि परीक्षेला बसलेल्याला पाजतात ते हॉर्लिक्स. हे दूध सोडा-फाउंटनवर घुसळून देण्यासाठी, भांड्याच्या तळाशी फिरतं पातं असलेलं यंत्र त्याच गावातल्या स्टीफन पोप्लाव्स्की या पोलिश वंशाच्या माणसाने केलं, त्याचं पेटंट १९२२चं. १९३७मध्ये फ्रेड वॉरिंग या वाद्यवृंद चालवणाऱ्या माणसाच्या पाठबळाने ब्लेंडर बाजारात आला. १९७३मध्ये लुइझियानात स्टीव्ह कुनाउ यांनी स्मूदी किंग हे दुकान काढलं. त्यांना दूध मानवत नव्हतं, म्हणून ते दुधाऐवजी फळं आणि पूरक पावडरी घुसळत. स्मूदी हा शब्द जगभर रूढ होण्यात त्या दुकानाचा हात मोठा.

आपल्याकडे यंत्र वेगळ्याच गरजेतून आलं. मुंबईत सीमेन्समध्ये इंजिनियर असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी परदेशी ब्लेंडर होता, आणि तो भारतीय वाटणाला टिकला नाही. पत्नी माधुरी यांच्या तक्रारीतून माथुरांनी ताकदीची मोटर बसवलेलं यंत्र केलं आणि १९६३मध्ये कंपनी काढली. ते सुमीत. म्हणजे अमेरिकेत पातं दूध घुसळायला फिरलं, इथे ते ओलं खोबरं, सुकी मिरची आणि भिजवलेली डाळ वाटायला. फळं ही त्याची फावल्या वेळातली कामं. पण उन्हाळ्यात तो फावला वेळ बराच असे. चिक्कू शेक, मँगो शेक घरात आले. पुण्याची मस्तानी दुकानात प्यायची वस्तू होती, तिची घरगुती भावंडं नागपूरच्या ओट्यावर झाली. पुरणयंत्र होळीपुरतं उरलं. गावरानी आंब्याचे धागे पात्याने कापले गेले, आणि हळूहळू धाग्यांचा आंबाच घरात यायचा कमी झाला, आंध्र-तेलंगणातून येणाऱ्या बैगनपल्लीने ती जागा घेतली. गुळगुळीत रसाची एकदा सवय लागली की धागा दाताला खटकतो. हे मला नुकसान वाटतं. गावरानी आंब्याच्या आंबटगोड वासाची सर त्या बिनधाग्याच्या गोडीला येत नाही.

संत्रं मात्र मिक्सरमध्ये हरलं. अख्ख्या फोडी फिरवल्या की बी फुटते, पडदे फाटतात, आणि थोड्या वेळात पेला कडू. बेलाचाच धडा. त्यामुळे मिक्सर आल्यानंतरही बरीच वर्षं संत्रं सोलून खाल्लं जात राहिलं आणि शेक चिक्कूचा होत राहिला.

बर्फाबद्दल थोडक्यात. भुशात गुंडाळलेली लादी, पोत्यावर आपटून केलेले तुकडे, ही जुनी व्यवस्था. गोदरेजने १९५८मध्ये देशी फ्रिज काढला, पण मध्यमवर्गीय घरात तो सर्रास पोचायला पुढची दोन-तीन दशकं लागली. सुरुवातीच्या फ्रिजात वरचा कप्पा बर्फाच्या ट्रेपुरता. खरा फरक पडला मोठा, वेगळ्या दाराचा फ्रीजर आल्यावर. वाटाणे साठवायला म्हणून घेतलेल्या त्या कप्प्यात कोणीतरी मार्चमधलं संत्रं ठेवलं, आणि ऋतूची अडचण सुटली.

आजची घरगुती पद्धत साधारण अशी. मृग बहाराची संत्री मार्चमध्ये घ्यायची, तेव्हा गोडी चांगली असते. सोलायची, फोडींवरचे पांढरे दोरे काढायचे, प्रत्येक फोड पाठीवर उघडून बी काढायची आणि जमेल तितका पडदाही. गर ताटात पसरून गोठवायचा, कडक झाला की डब्यात. एकत्र गठ्ठा गोठवला तर मे महिन्यात तो सुरीने फोडावा लागतो. आयत्या वेळी वाटीभर गोठलेला गर, अर्धं केळं, पाऊण वाटी दही, चिमूटभर मीठ आणि हवी तर पुदिन्याची चार पानं, एकदाच झटका देऊन फिरवायचं. दूध नको, फाटेल. दह्याला आंबटाचं भय नाही, त्यामुळे चरकाची निदान दुधाबद्दलची अट पाळली जाते. केळ्याने दाटपणा येतो आणि उरलासुरला कडवटपणा झाकला जातो, आणि जळगावच्या कृपेने ते बारमाही मिळतं. गर गोठलेला असतो, फिरवणं क्षणभराचं असतं, पिणं लगेचचं असतं, म्हणून लिमोनिनला सवड मिळत नाही. एवढ्यात बदल करायचाच तर गोठवलेल्या टरबुजाचा करावा. कन्हान-वैनगंगेच्या रेतीतल्या वाड्यांची टरबुजं उन्हाळ्यातच येतात, फक्त केळं वगळा आणि बिया काढा.

मोबाइलवरच्या पाककृती यात चिया घालायला सांगतात. आपल्याकडे फालुद्यातला सब्जा आहे, तो पाण्यात तसाच फुगतो आणि किमतीला परवडतो. काही जण जवस घालतात. जवस तर विदर्भाचं घरचं पीक, चटणीतून उठून पेल्यात आलं एवढंच. भाजून पूड केली तर चव लागते, कच्चं घातलं तर गवताचा वास येतो.

या सगळ्यात सर्वांत कंटाळवाणं काम बी काढायचं. एका संत्र्यात बिया चार-सहा असतात, कधी त्याहून जास्त, आणि एक जरी राहिली तरी पातं तिला सोडत नाही. कारखान्यांनाही बी आणि कडवटपणा हीच अडचण आहे. बांगलादेशने आयातशुल्क वाढवल्यापासून बागायतदारांची बाहेरची विक्री अवघड झाली आहे, आणि मार्च २०२५मध्ये नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात पतंजलीचा संत्रा प्रक्रिया प्रकल्प सुरू झाल्यावर रसाकडे नव्याने डोळे लागले आहेत. अमरावती रस्त्यावर १९८५पासून काम करणारी लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. २०१४मध्ये ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं त्याच नागपुरी संत्र्यातून तिने जवळजवळ बिनबियांची निवड पुढे आणली आहे. तिची कलमं जंबेरीच्या खुंटावर बांधून मिळतात. कलम लावल्यापासून पहिलं चांगलं पीक यायला पाचेक वर्षं लागतात, तोवर फोड पाठीवर उघडायची आणि बी बोटाने काढायची.